काजूचा रोठा : कोणतं झाड वाचवायचं, कोणतं तोडायचं



दिवाळी झाली, बऱ्याच जणांची बेणणी उरकत आली. या आठवड्यात ग्रुपवर पिवळ्या पडलेल्या काजूचे बरेच फोटो आले, आणि जवळपास प्रत्येक फोटोखाली एकच प्रश्न : "औषध कुठलं मारू?" याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून आजचा पाठ मोठा आहे. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा. बागेत प्रत्यक्ष काम करणारा गडी किंवा घरातलं माणूस वेगळं असेल तर त्यालाही वाचून दाखवा.

आधी नको असलेली गोष्ट सांगून टाकतो. त्या फोटोंमधली जी झाडं शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पिवळी झाली आहेत, ती औषधाने परत येणार नाहीत. त्यांच्यावर आता घातलेला प्रत्येक रुपया वाया जाणार आहे. पण त्यांच्या आजूबाजूची हिरवी झाडं अजून हातात आहेत. ती वाचवायची असतील तर पिवळं झाड जानेवारीच्या आत बागेबाहेर गेलं पाहिजे.

*रोठा म्हणजे नक्की काय*

खोड आणि मूळ पोखरणारी ही अळी. आपण रोठा म्हणतो, कोणी खोडकिडा म्हणतं. याचा भुंगेरा तांबूस तपकिरी, लांब मिशांचा असतो. तो झाड खात नाही म्हटलं तरी चालेल, नुकसान सगळं अळीचं. मादी बुंध्याच्या सालीतल्या भेगांत आणि उघड्या पडलेल्या मुळांवर अंडी घालते. बहुतेक अंडी जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीच्या आत, म्हणजे आपल्या कमरेच्या खाली असतात. अंडं तांदळाच्या कणीसारखं दिसतं. चार ते सात दिवसांत अळी बाहेर येते आणि लगेच सालीच्या आत शिरते. तिथे ती सहा-सात महिने खात राहते. पूर्ण वाढलेली अळी आपल्या बोटाएवढी, सात-आठ सेंटिमीटरची होते. मग ती लाकडात किंवा जाड मुळात शिरून स्वतःभोवती चुन्यासारखं कडक कवच करते आणि त्यातच तिचा कोष व पुढे भुंगेरा होतो. हा भुंगेरा कवच फोडून बाहेर पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. वर्षाला एक पिढी. थोडेफार भुंगेरे वर्षभर निघतात, पण अंडी घालण्याचा जोर जानेवारी ते मे या काळात.

हा हिशेब नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गेल्या उन्हाळ्यात घातलेल्या अंड्यांची अळी आत्ता मोठी होऊन लाकडात आणि मुळात बसली आहे. उद्याचे भुंगेरे आज तुमच्या मेलेल्या झाडात कोंडलेले आहेत. ते झाड आत्ता काढलंत तर ते सगळे एकदम हातात सापडतात. मार्चमध्ये काढलंत तर नुसतं लाकूड हाती येईल, किडे निघून गेलेले असतील.

*"झाड हिरवा आसा, मगे तोडूचा कित्याक?"*

हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत ऐकायला मिळतो. कारण समजतं. पंधरा-वीस वर्षं वाढवलेलं झाड, घरातल्या माणसासारखं. शिवाय वरून पालवी दिसतेय, मोहोर यायची वेळ आलीय.

पण झाड आतून कसं चालतं ते बघा. मुळांनी घेतलेलं पाणी लाकडातून वर जातं. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या ओल्या थरातून खाली मुळांकडे येतं. रोठ्याची अळी नेमका हा सालीखालचा थर आणि त्याला लागून असलेलं कोवळं लाकूड खाते, आणि वेडीवाकडी फिरत खोडाभोवती जाते. खालचा रस्ता तुटला तरी वरचा काही काळ चालू राहतो. म्हणून पानं हिरवी दिसतात. मुळं मात्र तोवर उपाशी पडलेली असतात. ज्या दिवशी पानं पिवळी व्हायला लागतात त्या दिवशी ही उपासमार फार पुढे गेलेली असते. पानं आजाराची बातमी सगळ्यात शेवटी देतात. पहिली बातमी बुंधा देतो, आणि बुंध्याकडे आपण बघत नाही, कारण तिथे गवत, पातेरा आणि दगड असतात.

याच प्रकारची एक मोठी हानी अमेरिकेत चालू आहे. तिथे ॲश नावाचं झाड जंगलात आणि शहरांच्या रस्त्याकडेला खूप आहे. आशियातून आलेला एक हिरवा चमकदार भुंगेरा २००२ मध्ये मिशिगन राज्यात डेट्रॉईट शहराच्या परिसरात प्रथम ओळखला गेला. तो बहुधा मालाच्या लाकडी पेट्यांतून आला असावा, असं मानलं जातं. त्याची अळीसुद्धा सालीखालचाच थर खाते. ओळख पटली तेव्हा तो तिथे कित्येक वर्षं मुरलेला होता, कारण झाडं वरून हिरवी होती. पुढे त्याने कोट्यवधी झाडं मारली. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे : भुंगेरा स्वतः फार लांब उडत नाही. लोकांनीच त्याला गाडीत घालून लांब नेला, मेलेल्या झाडाच्या सरपणातून. शेवटी तिथल्या सरकारला सरपणाच्या वाहतुकीवर बंदी घालावी लागली. झाड वाचवायचं की तोडायचं याचा तिथला नियमही आपल्यासारखाच आहे. झाडाचा बराचसा भाग वाळला असेल तर औषधावर खर्च करायचा नाही.

त्यांच्याकडे झाड तिथलं आणि किडा परका. आपल्याकडे उलटं आहे. काजू हे ब्राझीलकडचं झाड, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेलं. किडा मात्र इथल्याच रानातला. तो नाहीसा होणार नाही, त्याच्याबरोबरच बाग करायची आहे. म्हणून हे काम दरवर्षीचं समजा.

*बागेत फेरी कशी मारायची*

एक दिवस फक्त बघण्यासाठी काढा. फवारणी पंप घरी ठेवा. बरोबर घ्या कोयता, सुतळी, पटाशी किंवा जुनी छिन्नी, टोकाला आकडा वाळवलेली जाड तार, आणि खुणेसाठी चुना किंवा रंग.

प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवतीचं गवत, पातेरा हाताने बाजूला करा. पूर्ण गोल फिरा, एकाच बाजूने बघून पुढे जाऊ नका. शक्य असेल तिथे गुडघ्यावर बसा. जमिनीच्या रेषेवर आणि उघड्या मुळांवर काय दिसतं?

सालीत बारीक छिद्रं आणि त्यातून येणारा डिंक. डिंकात मिसळलेला किंवा खाली पडलेला भुस्सा. भुस्सा ओला आणि ताजा असेल तर अळी आत आहे आणि खातेय. कोरडा, काळपट, चुरा होणारा असेल तर तो जुना, पण तरी साल ठोकून बघा. कोयत्याच्या मुठीने साल ठोकल्यावर पोकळ आवाज आला की त्याखाली भुयार आहे. कातळावरच्या बागांत मातीचा थर पातळ असल्याने मुळं वरच असतात. तिथे मुळांकडे दुप्पट लक्ष द्या. जुनी रायवळ झाडं आणि दहा-बारा वर्षांपुढची कलमं यांत हा रोग जास्त सापडतो, आणि सोडून दिलेल्या, बेणणी न केलेल्या बागेत सगळ्यात जास्त.

*सुतळीचा हिशेब*

लागण सापडली की निर्णय अंदाजाने घेऊ नका. बुंध्याभोवती सुतळी गुंडाळून घेर मोजा. मग मोकळी झालेली, पोखरलेली साल किती रुंद आहे ते आडवं मोजा. दोन-तीन ठिकाणी असेल तर बेरीज करा. समजा घेर ८० सेंटिमीटर आणि खराब साल २० सेंटिमीटर. म्हणजे पाव भाग गेला, झाड वाचवण्यासारखं आहे. खराब साल ४० च्या पुढे गेली, म्हणजे अर्ध्याहून जास्त घेर गेला, तर ते झाड काढायचं. आणि पानं पिवळी पडलेली असतील तर सुतळी खिशातच ठेवा. मोजायची गरज नाही, ते झाड काढायचंच आहे.

वाचवायच्या झाडाला पांढरी खूण, काढायच्या झाडाला लाल. घरी येऊन वहीत आकडे लिहून ठेवा. पुढच्या वर्षी बाग सुधारतेय की बिघडतेय हे या आकड्यांवरूनच कळेल.

*वाचवायच्या झाडाचं काम*

सगळ्यात मोठी चूक इथे होते. छिद्र दिसलं की लोक त्यात औषध ओततात आणि चिखलाने बुजवतात. अळीने आपल्यामागे भुयारात भुस्सा दाबून भरलेला असतो. औषध त्या भुश्श्यातच जिरतं. अळी पुढे हातभर अंतरावर खात बसलेली असते. औषध वाया, आणि आपल्याला वाटतं काम झालं.

*आधी अळी बाहेर काढायची, मग औषध.* भुयाराच्या मागावर पटाशीने मोकळी साल उचला. जिथे साल घट्ट आहे तिथे जोर करू नका. भुयार जिकडे वळतं तिकडे वळा, सरळ रेषेत कापत सुटू नका. नाहीतर अळीने अर्धवट ठेवलेलं वर्तुळ आपणच पूर्ण करून झाड मारू. भुस्सा साफ केला की अळी दिसते. खोल असेल तर तारेचा आकडा आत घालून हळू फिरवत ओढा. तारेला ओलसर पांढरट काही लागून आलं म्हणजे अळी फुटली. एका बुंध्यात एकच अळी असेल असं समजू नका, लहान-मोठ्या बऱ्याच असतात. काढलेल्या अळ्या आणि भुस्सा तिथेच टाकू नका. डब्यात गोळा करून जाळा. आधीच लागण झालेल्या झाडाच्या वासाकडे भुंगेरे ओढले जातात, म्हणून ही सफाई महत्त्वाची.

साफ झालेल्या जागेवर आणि बुंध्याला एक मीटर उंचीपर्यंत, तसंच उघड्या मुळांवर क्लोरपायरीफॉस २० टक्के प्रवाही, १० मिली प्रति लिटर पाण्यात मिसळून, ब्रशने किंवा फडक्याने भिजेपर्यंत लावा. महिन्याभराने पुन्हा येऊन बघा. ताजा भुस्सा दिसला तर एखादी अळी राहिली आहे, तीही काढून परत लावा. घेण्याआधी बाटलीवरचं लेबल वाचा आणि सध्याची शिफारस कृषी सहायकांकडून किंवा आपल्या केंद्रावरून पक्की करून घ्या. हातमोजे घाला. काम झाल्यावर उघड्या मुळांवर माती ओढून झाकून टाका.

ज्यांची बाग सेंद्रिय प्रमाणपत्रात आहे त्यांनी हे औषध *अजिबात* वापरू नये. एका झाडापायी सगळ्या गटाचं प्रमाणपत्र अडचणीत येतं, हे मी इथे स्पष्टच लिहितो. तुमच्यासाठी अळी काढणं हाच मुख्य उपाय. त्यानंतर ५ टक्के निंबोळी तेल, म्हणजे लिटरभर पाण्यात ५० मिली. तेल पाण्यात मिसळावं म्हणून काय घालायचं ते तुमच्या गटाच्या तपासनीसाला आधी विचारा. निंबोळी तेलाने आतली अळी मरत नाही, ते नवीन अंडी टाळण्यासाठी आहे. म्हणून निरोगी झाडांनाही जानेवारी-फेब्रुवारीत एकदा आणि उन्हाळ्यात पुन्हा लावलेलं चांगलं.

दोन गोष्टी नकोत. जुन्या पुस्तिकांमध्ये कार्बारिल चिखलात कालवून लावायला सांगितलेलं आढळतं. कार्बारिलवर आपल्या देशात २०१८ पासून बंदी आहे, कोणी मांगरातला जुना डबा काढून देत असेल तर घेऊ नका. आणि धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या छिद्रात घालायचा उद्योग कृपया करू नका. त्यातून निघणारा वायू माणूस मारतो.

*काढायच्या झाडाचं काम*

इथे आपण सगळे ढिले पडतो. झाड तोडतो, फांद्या साफ करतो, ओंडके मांगराच्या मागे रचून ठेवतो, बुंधा जमिनीत तसाच राहतो. दोन वर्षांपूर्वी आपल्याच एका सभासदाकडे मी स्वतः उभा राहून चार मेलेली झाडं तोडून घेतली. ओंडके कुंपणाच्या कडेला रचायला मीच सांगितलं, भट्टीवाला येऊन नेईल म्हणून. भट्टीवाला आला पावसाळ्याच्या तोंडावर. तोवर ओंडक्यांना बोटभर गोल भोकं पडलेली होती, आणि पुढच्या वर्षी कुंपणाजवळच्या रांगेत नवीन लागण सापडली. त्या सभासदाने मला काही म्हटलं नाही. पण ती रांग मी दर वेळी बघून येतो.

तेव्हा आता असं करा. वरच्या फांद्या आणि खोडाचा वरचा भाग यात सहसा कीड नसते. फांद्यांच्या बेचक्यात भुस्सा नाही ना एवढं बघा, आणि ते सरपण खुशाल विका किंवा चुलीला वापरा. खरा धोका आहे बुंध्याचा खालचा एक मीटर आणि जाड मुळं. हा भाग दुसऱ्या बागेत, दुसऱ्या वाडीत जाता कामा नये. बुंधा मुळासकट उकरून काढा. जेसीबी कोणाकडे चर मारायला आलाच असेल तर शेजारी-शेजारी मिळून त्याच फेरीत काढून घ्या, एकट्याला परवडत नाही. मग कुऱ्हाडीने ओंडका उभा फोडा. आत पांढरट कडक कवचं दिसतील, ती कवचं म्हणजे कोष. फोडलेलं लाकूड आणि मुळं तिथल्या तिथे जाळून टाका.

जाळायचं ते आत्ता, डिसेंबर संपेपर्यंत. अजून गवतात ओल आहे. सभोवती जागा साफ करा, पाण्याचे हंडे जवळ ठेवा, वारा पडलेला असताना सकाळी पेटवा, आणि निखारे विझेपर्यंत माणूस हलू देऊ नका. फेब्रुवारीनंतर बागेत काडीसुद्धा ओढायची नाही. वणव्याने जेवढी काजू गेली तेवढी रोठ्यानेही गेली नसेल. तोडण्याआधी आपल्या भागातला झाडतोडीचा नियम वनपालांकडून विचारून घ्या, नंतरची धावपळ नको.

जाता जाता विम्याबद्दल, कारण तेही विचारलं गेलं. फळपीक विमा हा हवामानाच्या निकषांवर चालतो : अवकाळी पाऊस, तापमान वगैरे. रोठ्याने मेलेल्या झाडाची भरपाई त्यातून मिळेल या भरवशावर राहू नका.

*बी वेचताना*

फेब्रुवारी ते मे या काळात आपण रोज झाडाखाली असतो. वाकून बी वेचतो तेव्हा बुंधा समोर हातभर अंतरावर असतो. बी वेचणाऱ्या बायकांना ताजा भुस्सा एकदा दाखवून ठेवा. माझा अनुभव असा की त्यांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. दिसलेल्या झाडावर फडकं बांधायला सांगा, आणि संध्याकाळी तुम्ही जाऊन अळी काढा. या वेळी अळी लहान आणि सालीखालीच असते, टोकदार दाभणानेसुद्धा निघते. पाच मिनिटांचं काम. हेच झाड नोव्हेंबरला सापडलं तर अर्धा दिवस जातो.

मात्र बी पडत असताना बुंध्याला रासायनिक औषध लावू नका. बोंडू आणि बी त्याच जागेवर पडतात. त्या काळात फक्त अळी काढा, औषध हंगाम आटोपल्यावर.

मोकळ्या झालेल्या जागी पावसाळ्यात नांग्या भरताना जुना खड्डा सोडून थोडं बाजूला कलम लावा. जुन्या खड्ड्यात मुळांचे तुकडे राहिले असण्याची शक्यता असते. कोयता, गवत कापायचं यंत्र यांनी लहान कलमांच्या बुंध्याला जखमा होतात, तिथेच पुढे भेगा पडतात. बुंध्याजवळचं गवत हातानेच काढा.

*तुमच्याकडून हवं आहे*

पिवळ्या शेंड्याचे फोटो पाठवू नका, त्यावरून काहीच कळत नाही. एका झाडाचे तीन फोटो पाठवा : पूर्ण झाड, गवत बाजूला केलेला बुंधा, आणि भुश्श्याचा जवळून. सुतळीने मोजलेला घेर आणि खराब साल, दोन्ही आकडे खाली लिहा. गावाचं आणि वाडीचं नाव टाका. एकाच वाडीतून चार-पाच जणांची लाल खुणेची झाडं निघाली तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आपण तिथे एकत्र दिवस ठरवू. जेसीबी, कुऱ्हाडी आणि माणसं वाटून घेता येतील. पटाशी आणि तारेचे आकडे खरेदी केंद्रावर ठेवले आहेत, सही करून घेऊन जा, आणि काम झालं की परत आणून द्या. गेल्या वर्षी नेलेल्या दोन पटाश्या अजून आलेल्या नाहीत.